अ‍ॅक्टिंग रेझ्युमेवर नंबर, ईमेल, पत्ता: काय टाकायचं, काय नाही आणि कुठल्या क्रमाने

महेश्वरला एक छोटं शूट होतं, लोकल चेहरे हवे होते, कलाकार शोधून देणारा कास्टिंग कोऑर्डिनेटर मला म्हणाला इंदूरच्या नाटकवाल्यांचे प्रोफाइल पाठव. मी आपल्या ग्रुपवर टाकलं आणि रात्रीपर्यंत तीसेक पीडीएफ येऊन पडले. त्यातल्या सात-आठ जणांना फोनच लागेना. एकाचा नंबर नऊच आकडी, एकीचा ईमेल फोटोच्या डिझाइनमध्ये असा अडकलेला की कॉपीच होईना, आणि एका पठ्ठ्याने घराचा पूर्ण पत्ता, गल्ली, मारुतीच्या देवळासमोर, वडिलांचं नाव, रक्तगट सगळं लिहिलं होतं, फक्त मोबाइल नंबर राहून गेला होता. काम कोणाला मिळालं? ज्यांनी पहिल्या रिंगला उचलला त्यांना. यात अभिनयाचा प्रश्न आलाच नाही.

म्हणून हे फक्त रेझ्युमेच्या वरच्या चार-पाच ओळींबद्दल आहे. अनुभव कसा मांडायचा, फोटो कसे काढायचे ते इथे नाही. काहीही लिहिताना दोन प्रश्न विचारायचे: एखादा घाईतला अनोळखी माणूस एका फटक्यात माझ्यापर्यंत पोहोचतोय का, आणि हाच कागद भलत्या माणसाच्या हाती पडला तर तो माझ्या घरापर्यंत पोहोचतोय का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही यायला हवं.

## १. आधी फोन नीट करा, रेझ्युमे नंतर

सगळे उलटं करतात, आधी टेम्प्लेट शोधतात. पण नंबर लिहून काय उपयोग जर त्या नंबरवर फोनच वाजत नसेल.

जो नंबर द्यायचाय त्या फोनमध्ये हे बघून घ्या. अनोळखी नंबर सायलेंट करायचं सेटिंग चालू आहे का? आयफोनला असतं, व्हॉट्सअ‍ॅपमध्येही वेगळं असतं, आणि स्पॅमला कंटाळून आपण ते कधीतरी लावून ठेवतो आणि विसरतो. कास्टिंगवाला हा तुमच्यासाठी कायम अनोळखीच नंबर असतो, तो तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये कुठून असणार. ते बंद करा.

मग रिचार्ज. प्लॅन संपला की आधी आउटगोइंग जातं आणि काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं. दोन सिमवाले लोक जुनं सिम 'चालू आहे' असं समजून तेच रेझ्युमेवर देतात आणि ते महिनाभर मेलेलं असतं.

ट्रूकॉलरवर आपलं नाव काय येतंय तेही मित्राच्या फोनवरून बघा. आमच्यातल्या एकाचं नाव 'बंटी आरओ वाला' येत होतं, कारण सिम आधी त्याच्या चुलतभावाकडे होतं. अ‍ॅपमध्ये जाऊन नाव बदलता येतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी, तिथे गणपती किंवा सूर्यास्त नको, तुमचा साधा चेहरा हवा, कारण कोऑर्डिनेटर नंबर सेव्ह करताना आधी तेच बघतो. कॉलर ट्यूनबद्दल मी काही बोलत नाही, पण काढलीत तर बरं.

तपासा: दुसऱ्या कोणाच्या तरी, तुमच्याकडे सेव्ह नसलेल्या नंबरवरून स्वतःला साधा कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल दोन्ही लावून बघा. दोन्ही वाजले तरच पुढे.

## २. टेम्प्लेट उतरवलं असेल तर आधी त्याची साफसफाई

नेटवर अ‍ॅक्टिंग रेझ्युमे शोधलं की जे पहिलं येतं ते बहुतेक अमेरिकन असतं. तिकडे रेझ्युमे आठ बाय दहा इंचाच्या फोटोच्या मागे स्टेपल करतात म्हणून कागदही त्याच मापाचा कापतात, आणि नावाखाली युनियनची ओळ असते, सॅग-आफ्ट्रा. ही तिकडच्या कलाकारांची युनियन आहे, २०१२ मध्ये दोन संघटना एक होऊन झाली. आता इंदूरच्या लोकमान्य नगरमध्ये राहणाऱ्या पोराच्या रेझ्युमेवर ती ओळ तशीच राहिलेली मी स्वतः पाहिलीय, त्याला वाटलं ही काहीतरी डिझाइनची गोष्ट असेल.

आपल्याकडे त्याच्या जवळपासची संघटना म्हणजे मुंबईची सिंटा. मेंबर असाल तर लिहा, नसाल तर ती ओळच उडवा, 'अप्लाय करणार आहे' वगैरे लिहू नका. झिप कोड, स्टेट, एजंटची रिकामी चौकट, हे सगळंही काढा. आपल्याकडे कागद साधा ए-४ घ्या, पण खरं सांगायचं तर शंभरातले नव्वद वेळा तो मोबाइलच्या स्क्रीनवरच बघितला जाणारे हे डोक्यात ठेवून बनवा.

## ३. फोन कोणाला जाणार ते ठरवा

प्रकार तीनच आहेत. फोन तुम्ही स्वतः उचलणार, किंवा तुमचा खरा मॅनेजर अथवा एजन्सी उचलणार, किंवा कलाकार अठराच्या खाली असेल तर आई-बाबा उचलणार.

खरी एजन्सी असेल तर त्यांचाच नंबर आणि त्यांचाच ईमेल, तुमचा वैयक्तिक नंबर खाली बारीक अक्षरात टाकायचा मोह नको, कारण मग प्रॉडक्शनवाला थेट तुम्हालाच लावतो आणि पैशांची बोलणी दोन ठिकाणी दोन प्रकारे होऊन बसतात.

आणि खोटा मॅनेजर तर नकोच नको. आमच्या एका मित्राने रुबाब वाटावा म्हणून रूममेटचा नंबर 'मॅनेजर' म्हणून दिला. फोन आला, रूममेट झोपेत होता, त्याने विचारलं 'कौन बोल रिया है भिया', आणि नंतर सावरून घ्यायला म्हणून त्याने दिवसाचा असा काही आकडा सांगितला की समोरचा हसून फोन ठेवून मोकळा. सुरुवातीला सगळे स्वतःच फोन उचलतात, त्यात कमीपणा काही नाही.

## ४. नाव: एकच, सगळीकडे तेच

नाव हीसुद्धा कॉन्टॅक्ट माहितीच आहे, कारण लोक तुम्हाला नावाने शोधतात. रेझ्युमेवर एक, इन्स्टावर दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर 'सोनू' असं असेल तर सापडणार कसे?

मराठी आडनावांचा इंग्रजीत मोठा घोळ होतो. देव हे कोणी व्ही लावून लिहितो कोणी ओ लावून, वाघमध्ये एकदा डब्ल्यू एकदा व्ही, दीक्षितचं तर विचारूच नका. मुंबईला पाठवायचा रेझ्युमे इंग्रजीतच जातो, तेव्हा एक स्पेलिंग पक्कं करा आणि तेच ईमेलला, इन्स्टाला, फाइलच्या नावाला वापरा. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शाळेच्या दाखल्यासारखं टाकायची गरज नाही. आधार-पॅनवर वेगळं नाव असेल तरी इथे पडद्यावरचंच नाव, खरं नाव अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी सांगायचं.

अक्षर मोठं ठेवा. नाव सगळ्यात मोठं, नंबर त्याच्या खालोखाल, 'रेझ्युमे' किंवा 'बायोडाटा' हा शब्द लिहायचाच नाही, तो काय आहे ते बघणाऱ्याला दिसतंच.

## ५. मोबाइल नंबर: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

एकच नंबर द्या. दोन दिले की समोरचा पहिल्यावर लावतो, नाही लागला की सोडून देतो, दुसरा बघतच नाही. जो दिवसभर खिशात असतो आणि ज्यावर व्हॉट्सअ‍ॅप आहे तोच द्यायचा. कॉलचा एक आणि व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा असली भानगड असेल तर आधी ती मिटवा, कारण कास्टिंगची अर्धी कामं, म्हणजे स्क्रिप्टचं पान, लोकेशन, वेळ, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच येतं.

लिहिताना प्लस एक्क्याण्णव, मग पाच आकडे, जागा, मग पाच आकडे. सलग दहा आकडे डोळ्यांना वाचता येत नाहीत आणि कागदावरून डायल करताना चुकतात. आधी शून्य लावू नका. घरचा ०७३१ वाला लँडलाइन असेल तर तो आजीसाठी राहू द्या.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट, आणि खरं तर मुलांसाठीही: कामासाठी वेगळं सिम घेणं परवडत असेल तर घ्या. घरच्या, बँकेच्या, यूपीआयच्या नंबरपासून ते वेगळं राहिलं की रात्री अकराला 'हाय डियर' आला तर ब्लॉक करताना विचार करावा लागत नाही, आणि कोणी तो नंबर यूपीआयवर टाकून तुमचं पूर्ण खरं नाव काढू शकत नाही. फक्त मग ते सिम खरंच वापरात ठेवायचं, पहिल्या टप्प्यातला रिचार्जचा मुद्दा आठवा.

पर्यायी नंबर कधी? गावाला रेंज नसते, किंवा सेटवर, तालमीत फोन जमा करावा लागतो तेव्हा. मग एक नंबर द्या, पण त्यापुढे कोणाचा ते लिहा, 'बहीण' किंवा 'आई', आणि त्या माणसाला आधी सांगून ठेवा की असा फोन येऊ शकतो, नाव, नंबर, काम काय आणि कधी एवढं लिहून घे. माझ्या आईने एकदा एका असिस्टंटला 'तो आता नाटकबिटक करत नाही, परीक्षा आहे त्याची' असं सांगून वाटेला लावलं होतं. तिचं बरोबरच होतं म्हणा, परीक्षा होतीच.

थांबा: मुंबईला शिफ्ट झाल्यावर 'मुंबईचा नंबर असला की लोकल वाटतो' म्हणून नवीन सिम घेऊ नका. २०१५ च्या जुलैपासून पोर्टिंग देशभर चालतं, दुसऱ्या राज्यात गेलात तरी नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. तुमचे जुने रेझ्युमे कोणाकोणाच्या फोनमध्ये पडलेत ते तुम्हाला माहीत नसतं, आणि लोक दोन वर्षांनी सुद्धा जुना पीडीएफ काढून फोन लावतात, नंबर बदलला की ते सगळे वाया.

## ६. ईमेल

नवीन उघडा, फक्त कामासाठी. नाव आणि आडनाव, एवढंच. ते गेलेलं असेल तर शेवटी अ‍ॅक्टर हा शब्द लावा किंवा इंदूर लावा, चालतं.

काय चालत नाही ते सांगतो. कूल, रॉकस्टार, प्रिन्सेस असले शब्द नकोत. कॉलेजचा किंवा ऑफिसचा ईमेल नको, सोडलं की तो बंद होतो. वडिलांचा ईमेल नको, ते पंधरा दिवसांतून एकदा बघतात. आणि जन्मसाल लावू नका, ही चूक भलत्या हुशार लोकांकडून होते. रेझ्युमेवर तुम्ही लिहिता की मी वीस ते सव्वीस वयाच्या भूमिका करू शकतो आणि खाली ईमेलमध्ये ९१ चमकत असतं, समोरचा लगेच हिशोब करतो.

जीमेल असेल तर मधल्या डॉटने काही फरक पडत नाही, डॉट लावला काय न लावला काय मेल तुम्हालाच येतो, त्यामुळे फोनवर सांगताना घाबरायचं कारण नाही. पण स्पॅम फोल्डर रोज बघा. आणि त्या अकाउंटला अधूनमधून लॉगिन करत राहा, दोन वर्षं हातच लावला नाही तर गुगल अकाउंट काढून टाकू शकतं.

त्या ईमेलचं नोटिफिकेशन फोनवर चालू आहे ना? नसेल तर आत्ता करा, मी थांबतो.

## ७. शहर लिहायचं, पत्ता नाही

पूर्ण पत्ता लिहायचा नाही. कधीच नाही. कास्टिंगला त्याचा शून्य उपयोग आहे, कोणी तुम्हाला पोस्टाने रोल पाठवत नाही. त्यांना एवढंच कळायला हवं की बोलावलं तर किती वेळात येशील.

त्यामुळे फक्त शहर: इंदूर. मुंबईत खरंच राहत असाल तर मुंबई आणि भाग, अंधेरी पश्चिम वगैरे. आणि एक ओळ जोडता येते, 'एका रात्रीत मुंबईला पोहोचू शकतो', जी आपल्यासाठी खरीच आहे, अवंतिका एक्स्प्रेसने संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबई सेंट्रल.

खोटं मात्र लिहू नका. इंदूरचे पुष्कळ जण 'मुंबई' लिहितात कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की बाहेरगावचं दिसलं की बाजूला टाकतात. मग दुपारी एकला फोन येतो, चार वाजता वर्सोव्याला आरामनगरमध्ये ये. आता काय सांगणार? ताप आलाय? तो एकदा चालतो. तुमचं नाव 'येतो म्हणतो आणि येत नाही' या यादीत गेलं की संपलं. उलट महेश्वर, मांडू, भोपाळ, चंदेरी इकडे युनिट येतं तेव्हा त्यांना लोकलच माणूस हवा असतो, कारण त्याचा प्रवास आणि हॉटेलचा खर्च नसतो. तेव्हा 'इंदूर' हाच शब्द तुमच्या कामाला येतो.

महिन्यातले काही दिवस इकडे आणि काही तिकडे असाल तर 'इंदूर आणि मुंबई' लिहा, पण मुंबईत झोपायला जागा पक्की असेल तरच.

## ८. लिंक

दोन पुरेत. शोरील (आपल्या कामाचे निवडक तुकडे जोडलेला छोटा व्हिडिओ) किंवा ऑडिशनचा एक व्हिडिओ, आणि इन्स्टा.

व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर 'अनलिस्टेड' ठेवा. 'प्रायव्हेट' ठेवला तर समोरच्याला दिसतच नाही, आणि ही चूक इतके लोक करतात की मला आता सांगायचा कंटाळा आलाय. ड्राइव्हवर असेल तर लिंक असणाऱ्या कोणालाही बघता येईल असं सेटिंग करा, नाहीतर 'अ‍ॅक्सेस मागा' असं पान उघडतं. अ‍ॅक्सेस कोणी मागत बसत नाही, पुढचा रेझ्युमे उघडतात. फाइल पाठवायच्या ज्या फुकट साइट असतात त्यांच्या लिंक काही दिवसांत मरतात, त्या रेझ्युमेवर नकोत.

इन्स्टाचं हँडल द्यायचं तर अकाउंट पब्लिक हवं आणि त्यावर तुमचा चेहरा दिसायला हवा. फक्त सराफ्याचे दहीवडे आणि मित्रांची लग्नं असतील तर नका देऊ. बायोमध्ये तोच कामाचा ईमेल टाका, मोबाइल नंबर बायोमध्ये नको. आणि मेसेज रिक्वेस्टचं फोल्डर बघत जा, फॉलो न करणाऱ्याचा मेसेज तिकडे पडतो आणि महिनोन् महिने कळत नाही. हँडलमध्ये अंडरस्कोर असेल तर लिंकला आपोआप जी खाली रेघ येते तिच्यात तो लपून जातो, तेव्हा ती रेघ काढून टाका.

व्हॉट्सअ‍ॅपची थेट लिंकही देता येते, डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि तुमचे दहा आकडे, सगळं सलग, प्लस नाही शून्य नाही जागा नाही. दाबलं की चॅट उघडते. छापील कागदावर लिंक दाबता येत नाही हे उघड आहे, तिथे शोरीलचा एक क्यूआर कोड छापा.

तपासा: दुसऱ्याच्या फोनवर, जिथे तुमचं लॉगिन नाही, तिथे प्रत्येक लिंक दाबून बघा. स्वतःच्या फोनवर बघून उपयोग नाही, तिथे सगळं उघडतंच.

## ९. मांडणी

पानाच्या अगदी वर, नावाखाली. तळाशी नाही, शेवटच्या पानावर 'संपर्क' म्हणून नाही. असं दिसायला हवं, अर्थात इंग्रजीत:

नाव आडनाव
+९१ पाच आकडे, जागा, पाच आकडे (कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप)
कामाचा ईमेल
इंदूर, एका रात्रीत मुंबईला पोहोचू शकतो
शोरील | इन्स्टा

बस, पाच ओळी. त्याखाली उंची, भाषा, अनुभव सुरू. भाषांमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी लिहाच, आणि माळवी येत असेल तर तीही.

हे सगळं खरं टेक्स्ट हवं, चित्र नको. डिझाइनच्या अ‍ॅपमध्ये बनवून जेपीजी काढली की नंबर दाबता येत नाही आणि कॉपी होत नाही, समोरच्याला एका हातात फोन धरून दुसऱ्या फोनवर टाइप करावा लागतो. पीडीएफच काढा, आणि काढल्यावर मोबाइलवर उघडून नंबरवर बोट दाबून धरा, सिलेक्ट झाला पाहिजे. गडद पार्श्वभूमीवर करड्या रंगाची नाजूक अक्षरं दिसायला झकास दिसतात, पण झेरॉक्समध्ये पूर्ण गायब होतात.

प्रत्येक पानावर नाव आणि नंबर. फोटोंचं पान वेगळं असेल तर त्यावरही. याचं कारण सांगतो: तुम्ही पाठवता कोऑर्डिनेटरला, तो फॉरवर्ड करतो असिस्टंटला, असिस्टंट त्यातला फक्त फोटो उचलून कास्टिंग डायरेक्टरच्या ग्रुपवर टाकतो. तिसऱ्या फोनवर पोहोचेपर्यंत फोटो कोणी पाठवला होता हे कोणालाच माहीत नसतं. 'हा मुलगा कोण, नंबर काय' असा मेसेज फिरतो आणि तासाभरात विरून जातो. छापील फोटो देत असाल तर मागे नाव-नंबराचं स्टिकर लावा, बॉलपेनने लिहू नका, पुढून उमटतं.

## १०. हे काढून टाका

आधार, पॅन, बँक खातं: नाही. काम पक्कं झाल्यावर, अ‍ॅग्रीमेंट आणि पेमेंटच्या वेळी द्यायचं, आणि आधार मागितलंच तर आधी मास्क्ड आधार पुढे करा, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

पूर्ण जन्मतारीख नको. वय किंवा कुठल्या वयाच्या भूमिका करू शकता ते पुरे. वडिलांचं नाव, जात, लग्न झालंय की नाही, रक्तगट नको, हा स्थळाचा बायोडाटा नाही, आपल्या लोकांना दोन्हीत फरक करायला जड जातं हे मला मान्य आहे. पासपोर्टचा नंबर नको, 'पासपोर्ट आहे' एवढं लिहा. ज्यांच्याबरोबर काम केलं त्या दिग्दर्शकाचा नंबर त्याला न विचारता संदर्भ म्हणून टाकू नका, नाव पुरे, मागितला तर विचारून द्या.

नाट्यशाळेच्या प्रवेशाचा अर्ज किंवा स्कॉलरशिपचा फॉर्म वेगळा, तिथे पत्ता-जन्मतारीख मागतात तर द्यावीच लागते. इथे फक्त रेझ्युमेबद्दल बोलतोय.

## ११. मूल असेल तर

वरचं सगळं बदलतं. नंबर आईचा किंवा बाबांचा, पुढे नातं लिहून. ईमेल त्यांचाच. मुलाचा स्वतःचा नंबर, स्वतःचं इन्स्टा, शाळेचं नाव, क्लासची वेळ, यातलं काही नको. गणवेशातला फोटो नको, खिशावर शाळेचं नाव असतं. शहर पुरे.

फोन आला की आई-बाबांनी विचारायचं तेही सांगून ठेवतो, कारण नंबर त्यांचा आहे म्हणजे बोलणं त्यांनाच करायचंय. कायद्याप्रमाणे बालकलाकाराचं काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हा मॅजिस्ट्रेटची परवानगी प्रॉड्युसरने काढायची असते, तुम्ही नाही. आणि मुलाच्या कमाईतला कमीत कमी वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने एफडीत टाकायचा असतो. हे विचारल्यावर समोरचा गडबडला तर तिथेच ओळखा.

## १२. पाठवणं

फाइलचं नाव: नाव, आडनाव, इंदूर. 'रेझ्युमे फायनल नवा २' नाही. त्यांच्याकडे 'रेझ्युमे' नावाच्या दोनशे फाइली असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर दाबला जाऊन धुरकट होतो. पीडीएफसोबत मेसेजमध्येही एक ओळ: नाव, वय किंवा वयाचा पट्टा, उंची, शहर, नंबर. हो, नंबर पुन्हा, फॉरवर्डचं वर सांगितलंच. ईमेलने पाठवताना विषयाच्या जागेत नाव, शहर आणि कुठल्या भूमिकेसाठी, आणि खाली सहीच्या जागी नंबर. सेल्फ टेपमध्ये, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशनमध्ये, ओळख सांगताना नंबर बोलायचा का? त्यांनी मागितलं असेल तर बोला, नसेल तर नाव, उंची, शहर पुरे. आणि तोच व्हिडिओ इन्स्टावर टाकणार असाल तर नंबर असलेला भाग कापा.

अनोळखी गुगल फॉर्म, ओपन ग्रुप, कमेंट अशा ठिकाणी टाकायला एक वेगळी प्रत ठेवा ज्यात फक्त ईमेल आणि इन्स्टा आहे, मोबाइल नंबर नाही. नंबरवाली प्रत फक्त ज्याचं नाव-काम तुम्हाला माहितीये त्यालाच.

थांबा: नंबर फिरायला लागला की खोटे फोनही येणारच. रजिस्ट्रेशनचे पैसे, 'आर्टिस्ट कार्ड'चे पैसे, पोर्टफोलिओ आमच्याकडूनच काढा, ओटीपी सांगा, रात्री व्हिडिओ कॉलवर 'लुक टेस्ट' द्या, यातलं काहीही आलं की ठेवून द्या. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, कॉल करा, जितकं लवकर तितकं बरं.

## १३. शेवटची चाचणी, दहा मिनिटांची

घरातल्या अशा माणसाला पीडीएफ पाठवा ज्याला यातलं काही कळत नाही. मी देवासच्या मावशीला पाठवतो. तिला सांगायचं, मावशी, तुझ्याकडे माझा नंबर सेव्ह नाही असं समज, या कागदावरून मला फोन लाव आणि व्हिडिओ उघडून दाखव. तिला चष्मा शोधावा लागला तर अक्षर लहान आहे. तिने 'अरे, कुठे दाबू' विचारलं तर लिंक चुकलीये.

मग एक ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा, झेरॉक्सवाल्याकडे, साध्या कागदावर, आणि हात लांब करून वाचा. नंबर आकडा-आकडा मोठ्याने वाचा आणि दुसऱ्याने फोनमध्ये बघून ताडून घ्यायचा. स्वतःचा नंबर माणूस डोळ्यांनी वाचतच नाही, आठवणीतून म्हणतो, म्हणून नऊ आकडी नंबरवाल्या त्या मुलाला सहा महिने कळलं नव्हतं.

दर तीन महिन्यांनी हाच खेळ पुन्हा. काही बदललं की ज्यांना आधी पाठवलंय त्यांना नवीन पीडीएफ पाठवून 'जुना काढून टाका' एवढं लिहा, आणि स्वतःच्या फोनमधला जुना तर आधी उडवा, नाहीतर घाईत तोच जातो, माझा गेलाय.